निकाल आधी तुम्हाला

"पाणी कुठलं पिता? घरात जनावर कुठलं?"

कुणी नुसतं शिंकलं तरी डॉक्टर हे दोन प्रश्न विचारायचे. आधी चष्मा कपाळावर चढवायचा, मग प्रश्न. समोरचा माणूस चौथ्या मजल्यावर राहणारा बँकेतला कारकून असला तरी त्याची सुटका नव्हती. बुधवार पेठेतल्या माझ्या दुकानात ते पहिल्यांदा आले, तेव्हा मला सर्दी झाली होती. मी नाक पुसत म्हटलं, "बोला, काय पाहिजे?"

चष्मा वर गेला. "पाणी कुठलं पिता?"

"नळाचं. तुम्हाला काय पाहिजे ते बोला."

"घरात जनावर कुठलं?"

"मीच," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "मग बाहेरून आलेलं दिसतंय," असं म्हणून त्यांनी खिशातून फ्रीजरचा एक जळका रिले काढला आणि काउंटरवर ठेवला.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. बोलायला लागली की आपल्याला राग येतो, आणि गेली की दुकान रिकामं वाटतं. आम्ही त्यांना डॉक्टरच म्हणायचो. खरं तर ते गुरांचे डॉक्टर. पुण्यातल्या एका संस्थेत शिकवायचे आणि संशोधन करायचे. संस्थेचं नाव मी घेत नाही. त्या लोकांचा मला अजून राग आहे आणि नाव घेतलं की माझी जीभ ताब्यात राहत नाही.

माझा धंदा थंडाव्याचा. यवतमाळकडून आलो, दुसऱ्याच्या दुकानात कॉम्प्रेसर उघडायला शिकलो, मग स्वतःचं शटर घेतलं. प्रयोगशाळांचे डीप फ्रीजर आणि गोठ्यांवरच्या दूध थंड ठेवायच्या टाक्या, दोन्ही दुरुस्त करतो. एका हाताला पांढऱ्या कोटातली माणसं, दुसऱ्या हाताला शेणात उभी असलेली. दोघांशीही घासाघीस केल्याशिवाय मी आयुष्यात काही विकत दिलं नाही आणि घेतलं नाही. डॉक्टरही त्यात कमी नव्हते. पहिल्याच दिवशी रिलेची किंमत ऐकून म्हणाले, "हा बसवायचा आहे की गळ्यात घालायचा आहे?" मग पायरी उतरून गेले. मी हाक मारणार नाही हे त्यांना माहीत होतं आणि ते परत येणार हे मला. चप्पल तपासल्यासारखं करत ते पायरीवर थांबले, परत वर आले, आणि आम्ही मधे कुठेतरी भेटलो.

त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. नदीचं पाणी, त्या पाण्यावरची म्हैस आणि तिची धार काढणारा माणूस, या तिघांची तब्येत एकमेकांत अडकलेली असते. एकाला काही झालं की दुसऱ्याला विचारावं. "पण शेठ, म्हैस आजारी पडली की तिची चिठ्ठी एका इमारतीत जाते, माणूस पडला की दुसऱ्या इमारतीत, आणि पाणी आजारी पडलं की कुठेच जात नाही."

गुरांची, माणसांची आणि पाण्याची खाती सांभाळणाऱ्या माणसांना एकत्र बसवायचं, हा त्यांचा ध्यास. एकदा त्यांनी तिन्हीकडच्या लोकांना चर्चेला बोलावलं. मी त्या दिवशी तिथला एसी दुरुस्त करायला गेलो होतो. खुर्च्या मांडलेल्या, चहा थर्मासात, टेबलावर समोशांचा ढीग. आला एकच गृहस्थ, आणि तोही चुकून; त्याची बैठक शेजारच्या खोलीत होती. समोसे मी आणि माझ्या माणसांनी संपवले.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी तेच आमंत्रण पुन्हा छापलं. फक्त खाली एका परदेशी प्राध्यापकाचं नाव टाकलं. बाहेरून खुर्च्या आणाव्या लागल्या. माणसांचे मोठे डॉक्टर, गुरांचे साहेब, पाणीखात्यातले इंजिनिअर, सगळे एका टेबलाला खेटून, आणि तो गोरा गृहस्थ मधोमध घामाघूम. एसी पुन्हा बिघडला होता; डॉक्टर माझ्या शिडीजवळ येऊन हळूच म्हणाले, "बघितलंत? एकमेकांकडे चालत जातील इतक्या अंतरावर बसतात हे. पण एका टेबलावर आणायला समुद्रापलीकडून माणूस आणावा लागतो."

तेव्हा मला कळलं की परदेशाशी भागीदारी, करार, पत्रव्यवहार हे सगळं ते कशासाठी करत होते. तिकडचा पैसा हवा होता, तिकडची यंत्रं हवी होती, हे खरंच. पण त्याहून जास्त त्यांना पुण्यातले तीन शेजारी एकमेकांशी बोलायला हवे होते.

ते सोपं नव्हतं. पहिला भागीदार ओळख पक्की होईपर्यंत निवृत्त झाला. दुसऱ्यानं संशोधनाचा विषयच बदलला. तरी डॉक्टरांची चिकाटी अशी की दर दिवाळीला तिकडे भाकरवडीचा डबा रवाना व्हायचा. "नमुने पाठवायला परवानगी मिळत नाही," ते म्हणायचे, "पण भाकरवडी न चुकता पोचते. भाकरवडीतच काहीतरी लपवून पाठवावं म्हणतो." परदेशाशी बोलणी संगणकावर चालायची. पडद्यावर दिसेल तेवढ्या भागात कोट आणि टाय. टेबलाखाली संस्थेच्या गोठ्यातून आल्या पायी घातलेले गमबूट. एकदा बोलता बोलता ते उठून उभे राहिले आणि तिकडची सगळी मंडळी खो खो हसली. त्या हसण्यातूनच तिसऱ्या भागीदाराशी सूत जमलं. ती एक बाई होती, उंच, हाडापेरानं दणकट, तिच्या देशात विद्यापीठात शिकवणारी. आम्ही तिला नुसतं 'बाई' म्हणायचो.

गोठ्यात मात्र डॉक्टरांना कुणी उभं करेना. मुठेच्या काठी अजून काही गोठे तग धरून आहेत. मागे उंच इमारती झाल्यात आणि त्यातले लोक वासाच्या तक्रारी करतात. गोठेवाल्यांना वाटायचं, हातात बॅग घेऊन आलेला प्रत्येक माणूस आपल्याला उठवायला आलाय. शेवटी डॉक्टर माझ्याकडे आले. "तुमची उठबस आहे तिथे. नुसती ओळख करून द्या."

मी त्यांना कमलताईंकडे नेलं. नवरा गेल्यावर गोठा त्यांनीच वाढवला होता. त्यांचा मुलगा महेश धारा काढायचा, दूध घालायचा. त्या वर्षात त्यांच्या म्हशी एकामागून एक गाभडत होत्या, दिवस भरायच्या आधीच मेलेली रेडकं पडत होती, आणि महेशला ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. पाठीतून आणि सांध्यांतून कळा. दवाखाने करून झाले होते. कुणी टायफॉइड म्हणालं, कुणी संधिवात.

ताईंनी डॉक्टरांकडे न बघता मला विचारलं, "ह्ये कोन?"

"गुरांचे डॉक्टर. म्हशींचं रक्त तपासायचं म्हणतात. घरच्यांचंही."

"आमचं कशाला? आमी काय म्हशी हाय का?"

डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही पाणी कुठलं पिता?"

"बोरचं."

"आणि म्हशी?"

"त्या बी त्येच की." मग त्यांना हसू आलं. "बरं, बरं. कळलं मला. पर याआधी बी आलं हुतं लोक. रक्त नेलं, फोटू नेलं. त्यातलं एक बी माघारी फिरकलं न्हाय."

"मी फिरकेन," डॉक्टर म्हणाले. "निकाल आधी तुम्हाला, मग जगाला."

हे वाक्य ते नंतर प्रत्येक गोठ्यात म्हणाले. पण त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले आणि कमलताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "दादा, तुमचा मानूस हाय का ह्यो?"

"माझा आहे," मी म्हटलं.

काठावरच्या सगळ्या गोठ्यांनी मग हात पुढे केले. माझ्या शब्दावर केले. दुकानदाराकडे दुसरं काय असतं?

बाई पुण्यात आली तेव्हा डॉक्टरांनी तिला सगळ्यात आधी कमलताईंकडे आणलं. एक म्हैस नुकतीच व्यायली होती, रेडकू जगलं होतं, म्हणून ताईंनी खरवस केला होता. डॉक्टरांनी ताटली हातात घेतली आणि चष्मा वर चढवला. "ताई, वाफ किती वेळ दिलीत?"

"तुमच्या आईनं वाढला तवा इचारलं हुतं का?"

बाईला हे भाषांतर करून सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तिनं खरवस दोनदा मागून घेतला. महेशशेजारी उकिडवी बसून त्याच्या दुखण्याची सगळी हकिकत ऐकली. ताईंनी डॉक्टरांना सांगितलं, तिला विचारा, निकाल आधी आम्हाला देणार ना? डॉक्टरांनी विचारलं. बाईनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ऑफ कोर्स." त्याचं भाषांतर लागलंच नाही.

खोटं का बोलू, मलाही ती आवडली. पण परतताना गाडीत मी म्हटलं, "डॉक्टर, हे करारात लिहून घ्या."

"शेठ, तिनं शब्द दिलाय."

"मग लिहून द्यायला तिला काय जड जातंय?"

"विद्वान माणसांत असं मागत नाहीत हो. तो काय कॉम्प्रेसर आहे?"

"कॉम्प्रेसरला तरी वॉरंटी असते!"

मी तापलो. माझ्याशी पाइपच्या एका तुकड्यासाठी पायरी उतरून जाणारा माणूस, आणि इथे तोंड उघडायला तयार नाही. पुढे कराराचा मसुदा आला तेव्हा त्यांनी दुकानात बसून मला त्यातली एक ओळ मराठीत सांगितली. दोन्ही संस्थांच्या लेखी संमतीशिवाय निकाल कुणालाही कळवायचे नाहीत. मी म्हटलं, ही ओळ काढा. ते म्हणाले, "एक शब्द बदलला की कागद पुन्हा पहिल्या टेबलावर जातो. इथल्या तिन्ही खात्यांच्या सह्या, मग दिल्ली, मग तिकडे. एवढ्यात महेशचं काय व्हायचं ते होऊन जाईल. आणि संमती काय, बाई देईलच. तिच्यावर शंका घेतली तर तिच्या तोंडावर तिला खोटारडी म्हटल्यासारखं होईल."

आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाची ही एक खोड आहे. भाजी घेताना कोथिंबिरीची काडी सोडणार नाही. पण समोर आपल्यासारखा शिकलेला आला की सौदा करणं त्याला हलकं वाटतं. मी ओरडलो, ते ऐकत राहिले, आणि गेले. सही झाली.

नमुने गेले तो दिवस कडक उन्हाचा. कोरडा बर्फ मी स्वतः आणून दिला, खोकी स्वतः बंद केली. छोट्या छोट्या नळ्यांत म्हशींचं रक्त, माणसांचं रक्त, बोरचं पाणी, नदीचं पाणी. नळ्यांवर नावं नव्हती, आकडे होते. कुठला आकडा कुणाचा, ते डॉक्टरांकडे. त्या आकड्यात काय सापडलं, ते तिकडच्या यंत्राकडे. दोन्ही जुळली तरच उत्तर. इथल्या तपासणीत महेशचं आणि म्हशींचं एकदा 'आहे' यायचं, एकदा 'नाही' यायचं. तिकडचं यंत्र नळीत जे जे असेल ते सगळं वाचतं, असं डॉक्टर सांगत. खोकी घेऊन गाडी गेली तेव्हा त्यांनी तिला हात केला. खोक्यांना हात करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. तपासणी चालू आहे. विश्लेषण चालू आहे. मग कळलं, निकाल हाताशी आहेत, पण तिकडच्या संस्थेचं म्हणणं, लेख छापून येईपर्यंत बाहेर सांगता येणार नाही. करारात तशी ओळ आहे. बाई भांडत होती म्हणे तिच्या लोकांशी. डॉक्टर पत्रं लिहीत होते. इकडे कमलताईंचा फोन डॉक्टरांना नाही, मला यायचा.

"दादा, आलं का?"

"येतंय ताई."

"महेशला आज उठवत न्हाय."

पुढे त्यांनी 'आलं का' विचारणं सोडलं. नुसतं म्हणायच्या, "बरं हाय ना?" आणि फोन ठेवायच्या. ते जास्त लागायचं. मग एका गोठ्यानं टाकी दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतली. मग दुसऱ्यानं. भाव कमी दिला म्हणून गेले असते तर मी समजू शकलो असतो. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "तुमचा मानूस हुता ना तो?"

आणि मग तिकडचं सरकार बदललं. परदेशातल्या असल्या कामांना पैसा द्यायचा नाही, असं ठरलं. काम जिथे होतं तिथे थांबलं. बाईचं पदच गेलं. तिनं घरच्या पत्त्यावरून डॉक्टरांना पत्र पाठवलं. डॉक्टरांनी ते मला वाचून दाखवलं. मला माफ करा. मी आता त्या इमारतीत जाऊ शकत नाही, तो संगणक उघडू शकत नाही, निकाल कुणाच्या ताब्यात आहेत हेही मला कुणी सांगत नाही. कमलताईंना काय सांगाल? असं शेवटी लिहिलं होतं.

डॉक्टरांनी इथे जपून ठेवलेल्या उरलेल्या नळ्या काढल्या आणि पुण्यात दारोदार फिरले. यंत्र इथेही एका ठिकाणी होतं. पण प्रकल्प बंद, मग खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा? आणि म्हशीचं रक्त असेल तर ते खातं, माणसाचं असेल तर पलीकडचं, पाणी असेल तर आमच्याकडे येतच नाही. गोऱ्या पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची मिळावी म्हणून जे धडपडत होते, तेच सगळे पुन्हा आपापल्या इमारतीत जाऊन बसले होते. एकानं तर डॉक्टरांना विचारलं, "पण त्या बाई येणार आहेत का पुन्हा?"

मी त्यांच्या विभागात जाऊन भांडलो. विद्यार्थी, शिपाई, सगळ्यांसमोर. "माझं नाव तुमच्या विद्वत्तेत बुडालं," म्हटलं. "एक ओळ, एक ओळ काढता आली नाही तुम्हाला!" त्यांनी मला अडवलं नाही, बसा म्हटलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." भांडणाऱ्या माणसाला याहून वाईट उत्तर नसतं. मी भांडायची आणखी तयारी करून गेलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून ते गोठ्यांवर जायला लागले. प्रत्येक गोठ्यावर. मी एकदाच बरोबर गेलो, कमलताईंकडे. ते म्हणाले, "ताई, मी निकाल सांगायला येईन म्हटलं होतं. निकाल आहेत, पण माझ्या हातात नाहीत. येतील असंही आता सांगत नाही."

ताई वैरण टाकत होत्या. त्या थांबल्या. "म्हंजी तिकडं कुनाला तरी ठावं हाय, महेशला काय झालंय त्ये?"

"हो."

"आन् आपल्याला न्हाय."

"नाही."

"मग हे सांगायला आलासा?"

"आलो. येईन म्हटलं होतं म्हणून."

त्यांनी उरलेली वैरण टाकली. एरवी चहा घेतल्याशिवाय त्या कुणाला जाऊ देत नसत. त्या दिवशी चहा झाला नाही. गोठ्याबाहेरच्या नळाखाली डॉक्टर बराच वेळ बूट धूत बसले.

पुढच्या उन्हाळ्यात महेशला धारेला बसवेना. ताईंनी म्हशी विकायच्या ठरवल्या. आलेले व्यापारी पाडून मागत होते, म्हणून त्यांनी मला बोलावलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला काही काम सांगितलं होतं. मी गेलो आणि जीव तोडून सौदा केला. घेणारा सासवडकडचा होता, नवीन गोठा घालणारा. मी एकेका म्हशीमागे त्याचा भाव चढवत चढवत आणला. हातावर हात पडायचाच राहिला होता, तेवढ्यात डॉक्टर आले. महेशनं त्यांना फोन केला होता म्हणे. ते तोवर निवृत्त झाले होते. वाळले होते. सरळ त्या माणसापुढे जाऊन उभे राहिले.

"एक सांगायचं आहे. या गोठ्यातल्या म्हशी गाभडल्या आहेत. का, ते कळलेलं नाही. त्यातून माणसालाही होऊ शकतं."

मी त्यांचा दंड धरला. तो माणूस आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागला. "म्हंजी रोगट हायत का?"

"सांगता येत नाही."

"रिपोर्ट हाय का काय?"

"नाही."

"मग तुमी हाय कोन?"

डॉक्टरांचा हात चष्म्याकडे गेला आणि तसाच खाली आला. एवढी वर्षं सभांतून, पत्रांतून, त्या पडद्यावरून स्वतःची ओळख करून देणारा माणूस. त्यांना सांगायला काही सापडलं नाही. मागून कमलताई म्हणाल्या, "कोन न्हाय. आमच्याकडं यायचे पूर्वी."

तो माणूस घाबरला वगैरे काही नाही. धंद्यातला होता. त्यानं डॉक्टरांचं बोलणं उचललं आणि भाव खाली ओढला. मी चिडलो, हातपाय आपटले, पण एकदा मालाबद्दल शंका बोलली गेली की ती परत तोंडात घालता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? ताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि "द्या" म्हणाल्या. त्या खालच्या भावात सगळ्या म्हशी गेल्या. डॉक्टर खरं बोलले त्यातून एवढंच झालं.

म्हशी टेंपोत चढेपर्यंत डॉक्टर तिथेच होते. त्या माणसाला सांगत होते, दूध उकळूनच प्या, गाभडलेल्या म्हशीला नुसत्या हातानं शिवू नका, गाभाबरोबर पडलेली वार पुरून टाका. तो "व्हय, व्हय" म्हणत दोर आवळत होता. निघताना डॉक्टरांनी पिशवीतून हातमोज्यांचं एक मोठं खोकं काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते केबिनमध्ये टाकलं. मी डॉक्टरांना म्हटलं, गाडीत बसा, सोडतो. माझा आवाज बरा नव्हता. ते नको म्हणाले आणि चालत निघाले.

मी ताईंशी हिशेबाचं बोलून थोड्या वेळानं निघालो. नदीकडेच्या रस्त्यावर, पुलाच्या अलीकडे वळण आहे. तिथे ते खोकं फुटून पडलं होतं. टेंपोतून भिरकावलेलं. पांढरे हातमोजे वाऱ्यानं रस्ताभर, कुंपणाच्या जाळीला, खाली नदीच्या उतारावर. गाड्या त्यांच्यावरून जात होत्या. डॉक्टर वाकून एकेक गोळा करत होते आणि झटकून पिशवीत टाकत होते.

मी हॉर्न वाजवला. त्यांनी मला बाजूनं जायची खूण केली, मागे वळून न बघता. त्यांना वाटलं असेल, कुणी अनोळखी गाडीवाला आहे.

नंतर ते पुणे सोडून गेले, असं कुणीतरी सांगितलं. कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं.